मटण स्ट्रीटवरची सिनेमाची पोस्टरं: ‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की कुठलं?

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या सिनेमाच्या कागदांची जी मोजकी दुकानं उरली आहेत, ती आजही वेळ काढून पालथी घालावीत अशी आहेत. पोस्टरं, शो-कार्डं, गाण्यांच्या चोपड्या, नटनट्यांचे फोटो, सगळं गठ्ठ्यांनी. माल काचेमागे नाही. हातात घेऊन, उलटून, उजेडात धरून बघता येतो, आणि जुन्या कागदाची पारख दुसऱ्या कुठल्या रीतीने होतही नाही. मालासाठी या गल्लीला पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. मालाबद्दल जे सांगितलं जातं त्याला मात्र दोनच. कारण ‘ओरिजिनल’ हा एकच शब्द इथे चार निरनिराळ्या वस्तूंना लावतात, आणि त्या चार ओळखता आल्या नाहीत तर गिऱ्हाईक पहिलीची किंमत मोजून तिसरी घरी नेतं.

पहिली वस्तू म्हणजे चित्रपट प्रथम लागला तेव्हा छापलेलं पोस्टर. दुसरी, तोच चित्रपट पुढे पाच, दहा, वीस वर्षांनी पुन्हा लागला तेव्हा वितरकाने नव्याने छापून घेतलेलं. बाजारात याला ‘री-रन’ म्हणतात. तेही थिएटरबाहेर लावायलाच छापलेलं असतं; खोटं नव्हे, उशिराचं. तिसरी वस्तू म्हणजे थिएटरशी कसलाच संबंध नसलेली, दिवाणखान्यात टांगायला म्हणून केलेली नक्कल, ऑफसेटवर किंवा डिजिटल प्रिंटरवर काढलेली. चौथी, हल्ली रंगवून घेतलेलं हाती पोस्टर. बॅनर रंगवणाऱ्या जुन्या कारागिरांपैकी काहीजण अशी कामं करतात, आणि त्यांचा हात सुंदर असतो. पण १९५७च्या चित्रपटाचं गेल्या वर्षी रंगवलेलं चित्र म्हणून १९५७चं होत नाही.

इथे री-रनचा माल जास्त का, ते आजूबाजूच्या रस्त्यांवरून कळतं. लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ इमारतीत वितरकांची कार्यालयं होती. ग्रँट रोडजवळच्या पिला हाऊस भागातली थिएटरं वर्षानुवर्षं जुने चित्रपट फिरवून फिरवून लावत. दोन्ही ठिकाणं चोर बाजारापासून चालत जाण्यासारखी. कार्यालयं आवरली, गोदामं रिकामी झाली की कागद रद्दीत निघायचा आणि रद्दीतून या गल्लीत यायचा. थिएटरवर चिकटवलेलं पोस्टर पावसात संपतं. टिकतं ते गोदामात न वापरता पडलेलं, आणि गोदामात उरतं ते शेवटच्या छपाईचं. तेव्हा पोस्टर हातात आलं की ते री-रन आहे असं धरून चालावं, आणि तसं नसल्याचा पुरावा कागदावर शोधावा. दुकानदाराच्या बोलण्यात तो सापडत नाही.

बरोबर चार गोष्टी असाव्यात: दहापट दाखवणारं भिंग, स्टीलची टेप, फोनचा टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरचा छोटा यूव्ही टॉर्च. आणि पहिली अट, पोस्टर प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढायला सांगायचं. फ्रेममध्ये असेल तर फ्रेम उघडायला सांगायचं. नाही म्हटलं तर तो माल सोडून पुढच्या दुकानात जायचं, त्यात चर्चेला जागा नाही.

टेप आधी. मुंबईतलं नेहमीचं पोस्टर ३० बाय ४० इंचाचं, लहान २० बाय ३०चं. कडा कापल्यामुळे अर्धा इंच इकडेतिकडे होतो. या दोन मापांचं प्रमाण मात्र एक नाही: पहिल्यात रुंदी उंचीच्या तीन चतुर्थांश, दुसऱ्यात दोन तृतीयांश. म्हणून ३० बाय ४०चं चित्र २० बाय ३०वर आणायचं तर कुठेतरी कापावं लागतं किंवा बाजूला पांढरी पट्टी सोडावी लागते. मूळ लहान पोस्टरची मांडणी त्या मापासाठी वेगळी केलेली असायची. डोक्यावरून कापलेलं नाव, खाली अर्धवट श्रेयनामावली, किंवा १२ बाय १८, २४ बाय ३६, ए-३, ए-२ असली आजच्या प्रिंटरची मापं दिसली की भिंग काढायचीही गरज नाही. सहा शीटचं मोठं पोस्टर तुकड्यांनी छापून जोडत. त्यातला एखादा तुकडा दुसऱ्या छपाईचा असू शकतो, म्हणून प्रत्येक तुकडा स्वतंत्र तपासावा.

भिंगाखाली काय बघायचं

मापाने पकडली जात नाही अशी नक्कल भिंगाखाली पकडली जाते. म्हणून इथे घाई करू नये.

चित्रातला एखादा फिका भाग निवडा, गाल किंवा आकाश. ऑफसेटवर चार रंगांत छापलेल्या पोस्टरात निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके ओळीत बसलेले दिसतात. ठिपक्यांच्या या ओळी म्हणजे जाळी; चारी जाळ्यांचे कोन वेगळे असल्याने त्यांची लहान लहान फुलं तयार होतात. त्याआधीच्या लिथोत, म्हणजे हाताने काढलेल्या प्लेटांवरून केलेल्या छपाईत, अशी जाळी नसते. कारागीर प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी काढायचा, त्यामुळे खडू खरबरीत भिंतीवर घासल्यासारखा वेडावाकडा दाणा दिसतो, आणि प्रत्येक दाणा आपल्या एकाच रंगात भरीव असतो. कधी गुलाबी किंवा पिवळा रंग खास घोटून सपाट लावलेला असतो, त्यात एकही ठिपका नाही.

इंकजेटवरच्या नकलेतही जाळी नसते, आणि नवखे इथेच फसतात. फवारल्यासारखे बारीक ठिपके बघून त्यांना ते जुनं लिथो वाटतं. फरक असा की इंकजेटचे ठिपके धुळीसारखे एकसारखे बारीक असतात आणि सगळ्या रंगांचे मिसळून सगळीकडे पडलेले असतात. पिवळ्या सपाट भागातही किरमिजी आणि निळे कण सापडतात. लिथोचा दाणा आकाराने वेगवेगळा असतो, आणि कारागिराने जिथे घासला तिथेच असतो.

आता भिंग खाली, अगदी कडेला न्या. तिथे छापखान्याची बारीक ओळ असते. छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि मुद्रणस्थळ देण्याचं बंधन १८६७च्या कायद्याने होतं, त्यामुळे बहुतेक पोस्टरांवर ती सापडते. उदाहरणार्थ, बोल्टन फाइन आर्ट लिथो हे नाव मुंबईच्या मालावर पुष्कळदा दिसतं. मूळ छपाईत ही अक्षरं एका रंगात, भरीव, काठ धारदार अशी असतात, कारण ती चित्राच्या जाळीतून न जाता वेगळी ‘लाइन’मध्ये घेतलेली असत. स्कॅन करून काढलेल्या नकलेत हीच ओळ ठिपक्यांची बनते: काळं अक्षर भिंगाखाली फुटतं, भोवती रंगीत धूसर कडा दिसते. चित्रपटाच्या नावावर ही परीक्षा करू नये. मोठं नाव पुष्कळदा चित्रकाराने चित्रातच रंगवलेलं असे आणि चित्राबरोबर जाळीतून गेलेलं असे, म्हणजे अस्सल पोस्टरातही त्यात ठिपके असतात. परीक्षा बारीक ओळीची.

जाळीवर जाळी हीही खूण खात्रीची. छापील पोस्टरचा फोटो घेऊन पुन्हा ऑफसेटला लावला की जुनी फुलं आणि नवी फुलं एकमेकांवर बसतात आणि सपाट रंगात पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी उमटते. हात लांब करून तिरक्या नजरेने बघितलं तर ती भिंगाशिवायही दिसते. तसंच रंग सरकण्याचं. जुन्या छपाईत रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसणं, हलायचं, ओठांच्या बाहेर लाल रेघ जायची. ती रेघ शुद्ध एका शाईची असते. नकलेत ती सरकलेली रेघही चारी रंगांच्या ठिपक्यांनी ‘काढलेली’ असते.

हाताने लिहिलेल्या नावाची एक सोपी परीक्षा आहे. नावात एकच अक्षर दोनदा आलं असेल तर दोन्ही शेजारी ताडून पाहा. माणसाच्या कुंचल्याचे दोन काने कधी तंतोतंत सारखे येत नाहीत. आले तर नाव संगणकावर पुन्हा बसवलंय.

घडी, डाग, भोकं

पोस्टरं थिएटरांकडे घडी करून जात. ३० बाय ४०च्या कागदाला तीन घड्या घातल्या की १० बाय १५चे आठ पदर होतात, चौथी घातली की १० बाय साडेसातचे सोळा. खऱ्या घडीवर शाई तुटते, कागदाचे पांढरे तंतू वर येतात, आणि दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक भोक पडतं. टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरला की घडी डोंगराच्या धारेसारखी उभी राहते. नकलेत घडी दिसते आणि बोटाला लागत नाही, कारण ती छापलेली असते. टाचणीची भोकं, सेलोटेपचे पिवळे डाग, वितरकाचा जांभळा रबरी शिक्का, हे सगळं असंच छापून येतं. खरा शिक्का कागदात मुरतो आणि मागून पुसट दिसतो. छापलेला शिक्का भिंगाखाली निळ्या-किरमिजी ठिपक्यांत विरघळतो.

यावर तोड म्हणून नकलेलाच घडी घालतात. मग कसर आणि पाणी बघा. मुंबईच्या दमट हवेत गठ्ठ्याला कसर लागते, वाळवी लागते, पाणी उतरतं. पण हे सगळं पोस्टर घडी केलेलं असताना घडतं. म्हणून भोक एका पदरातून दुसऱ्या पदरात जातं, आणि पोस्टर उलगडल्यावर घडीच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी जोडीची भोकं, जोडीचे डाग दिसतात. बाहेरच्या पदराला मोठा, आतल्याला लहान. पोस्टरच्या मधोमध एकटाच डाग, आणि त्याची जोडी कुठेच नाही, असं दिसलं तर तो डाग उलगडलेल्या कागदावर पाडलेला आहे.

चहाचं पाणी ही जुनी युक्ती. खरा कागद हवा लागून कडांकडून आणि घडीच्या बाहेरच्या पदरांवर पिवळा पडतो. आतले पदर फिके राहतात. चहात बुचकळलेला कागद पुढून-मागून सारखा तपकिरी असतो, आणि कापलेल्या काठावर रंग अधिक गडद साचतो. मूळ पोस्टरचा कागद बहुधा पातळ, एका बाजूने गुळगुळीत आणि मागून खरखरीत. हलवला की कुरकुरतो, उजेडात मागून चित्राची सावली दिसते. नक्कल जाड आर्ट पेपरवर असते आणि मागूनही तशीच गुळगुळीत.

यूव्ही टॉर्च दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, कागदाच्या मागच्या बाजूवर मारायचा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमक देणारी रसायनं साधारण १९५०नंतर वापरात आली. ती असली की कागद निळसर पांढरा पेटतो. तेव्हा १९४०च्या सुमाराचं म्हणून दाखवलेलं पोस्टर ट्यूबलाइटसारखं उजळलं तर ते परत ठेवावं. उलट मात्र खरं धरू नये: कागद उजळला नाही म्हणून जुना ठरत नाही, साध्या हलक्या कागदात ही रसायनं आजही नसतात. आणि डागडुजी करताना साबणाच्या पावडरने धुतलेला अस्सल जुना कागदही थोडा उजळतो. म्हणून ही परीक्षा शेवटची, एकटीच्या भरवशावर काही ठरवायची नाही.

कापडावर चढवलेलं पोस्टर असेल तर मागची बाजू गेली, म्हणजे निम्मा पुरावा गेला. काम चांगलं असेल तर कापड चढवणं वाईट नाही, मोडका कागद त्याने वाचतो. पण चढवण्याआधीचे पुढून-मागून फोटो मागावेत. लॅमिनेशन केलेलं पोस्टर, कितीही जुनं असो, संग्रहाच्या दृष्टीने संपलेलं आहे. ते प्लास्टिक शाई घेतल्याशिवाय निघत नाही.

री-रन कसं ओळखायचं

नक्कल भिंगाखाली सापडते, री-रन सापडत नाही. तीही खऱ्या छापखान्यात, खऱ्या ऑफसेटवर, घडी घालून पाठवलेली. तिथे छापील मजकूर वाचावा लागतो.

आधी पत्ता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याआधी पत्त्यात ‘बॉम्बे-४’, ‘बॉम्बे-७’ असे नुसते विभाग येत. १९६०च्या चित्रपटाच्या पोस्टरवर छापखान्याच्या पत्त्यात ४०० ००४ असेल तर छपाई १९७२नंतरची, दुसरा पुरावा नको. इंग्रजी पत्त्यात ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ असेल तर १९९५नंतरची. मराठी चित्रपटांच्या बाबतीत ही दुसरी खूण चालत नाही, कारण मराठीत शहराचं नाव कायमच मुंबई होतं. केवळ ‘मुंबई’ वाचून एखादं खरं जुनं मराठी पोस्टर नाकारण्याची चूक लोक करतात, आणि तो माल पुन्हा दिसत नाही. आठ आकडी फोन नंबर या शतकातला. प्रमाणपत्राचा ‘यूए’ हा वर्ग १९८३ला आला, त्यामुळे १९७५च्या चित्रपटावर ‘यूए’ म्हणजे नंतरची छपाई.

मग नावांचा क्रम आणि चेहऱ्यांचं माप. री-रनला वितरक आजचा तारा पुढे करतो. पहिल्या वेळी चौथ्या क्रमांकावर, कोपऱ्यात तळहाताएवढा असलेला नट पुढे मोठा झाला की पुढच्या छपाईत मधोमध येतो. चित्रपटाच्या वर्षी त्या माणसाची बाजारात काय किंमत होती, एवढा विचार केला तरी अर्ध्या शंका मिटतात. री-रनमध्ये खर्च वाचवायला दोनच रंग, हलका कागद आणि कापून चिकटवलेले फोटो हेही पुष्कळदा दिसतं. पहिल्या वेळचं चित्रकाराने रंगवलेलं, री-रनचं फोटोंचं.

रंगाबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. चित्रपट काळा-पांढरा आणि पोस्टर रंगीत, म्हणून ते नंतरचं, असं काही नाही. कृष्णधवल चित्रपटांची पोस्टरंही रंगीतच छापत. संशय घ्यायचा तो मजकुरावर. ‘मुगल-ए-आझम’ १९६०चा, आणि त्यात काही भागच रंगीत होता. पूर्ण रंगवलेली आवृत्ती २००४ला लागली. ‘नया दौर’ १९५७चा, रंगवून २००७ला आला. ‘हम दोनों’ १९६१चा, रंगवून २०११ला. ‘शोले’ १९७५चा, थ्री-डी होऊन जानेवारी २०१४ला पुन्हा लागला. या चारही वेळा नवी पोस्टरं छापली गेली. ती खरी आहेत, थिएटरची आहेत, आणि नवी आहेत. त्यावर संपूर्ण रंगीत किंवा थ्री-डी असं लिहिलेलं असतं, म्हणून विकताना नेमका तो भाग घडीत मागे जातो. पोस्टर पूर्ण उलगडूनच बघा.

‘शोले’च्या बाबतीत प्रश्न आणखी खोल आहे. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांवर चालला. इतक्या काळात पोस्टरं कितीदा तरी छापली जातात, आणि ती सगळी एका अर्थी पहिल्याच प्रदर्शनातली. अशा वेळी महोत्सवाची पट्टी उपयोगी पडते: पोस्टरवर रौप्यमहोत्सव छापलेला असेल तर ते निदान २५ आठवड्यांनंतरचं, सुवर्णमहोत्सव असेल तर ५० नंतरचं. पट्टी नंतर चिकटवलेली की मूळ छपाईतच आहे हे नख काठावर फिरवून कळतं. चिकटवलेली पट्टी असेल तर उलट चांगलं, खालचं पोस्टर आधीचं असतं. १९९५पासून मराठा मंदिरात चालत आलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या पोस्टरांनाही हाच न्याय लावावा.

सत्तरच्या दशकातल्या हिंदी पोस्टरांत ‘दिवाकर’ ही सही शोधणारे पुष्कळ आहेत, आणि योग्यच आहे. दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’, ‘अमर अकबर अँथनी’ यांसारख्या चित्रपटांची पोस्टरं केली. रंगाच्या जाड थरावर सुरीने मारलेले फटकारे ही त्यांची ओळख. पण सही छपाईत आलेली असते, ती मूळ छपाई सिद्ध करत नाही. नकलेतही ती येतेच. आणि फटकारे बोटाला उंच लागले, तर ते छापील पोस्टर नाही, कोणीतरी नव्याने रंगवलेलं आहे.

चोपड्या आणि शो-कार्डं

कमी पैशांत खात्रीचा माल हवा असेल तर गाण्यांच्या चोपड्या घ्याव्यात. नक्कल करणाऱ्याला त्यात फारसा फायदा नसतो, आणि जुनेपणाच्या खुणा भरपूर असतात. आतला मजकूर खिळ्यांनी छापलेला असेल तर पानाच्या मागून बोटांना अक्षरांचा दाब लागतो, भिंगाखाली अक्षराच्या काठाला शाई दाटलेली दिसते. झेरॉक्स किंवा स्कॅनमध्ये पान सपाट. मधल्या लोखंडी पिना गंजून कागदात उतरलेल्या असतात; गंज प्रत्येक पानावर थोडा थोडा कमी होत जातो. किंमत छापलेली असेल तर उत्तमच: आणे असतील तर १ एप्रिल १९५७च्या आधीची किंवा त्या बदलाच्या आसपासची, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४च्या दरम्यानची, नुसते पैसे असतील तर बहुधा त्यानंतरची. पानं मोजा. मधलं दुपानी गळालेलं असतं आणि कथेचा शेवटचा परिच्छेद किंवा दोन गाणी गायब असतात. ‘प्रभात’सारख्या मराठी कंपन्यांच्या चोपड्या दुकानदार हिंदीच्या ढिगातच टाकतात, म्हणून ढीग पूर्ण चाळावा.

शो-कार्ड म्हणजे थिएटरच्या आवारात काचेच्या पेटीत लावायचा पुठ्ठा. जुन्या शो-कार्डावर खरे फोटो कापून चिकटवलेले असत आणि नाव हाताने लिहिलेलं असे. टॉर्च आडवा धरला की फोटोंच्या कडा उठून दिसतात. खऱ्या फोटोत भिंगाखाली ठिपके नसतात, करडा रंग सलग वाहतो. जुन्या चांदीच्या फोटोत गडद भाग तिरपा धरला की आरशासारखी निळसर चकाकी येते. प्लास्टिकच्या थराचा, मागून गुळगुळीत फोटो कागद साधारण सत्तरच्या दशकापासूनचा. तो १९५०च्या शो-कार्डावर असेल तर फोटो बदललेला आहे. संपूर्ण शो-कार्डच छापील निघालं तर ते भिंतीची शोभा म्हणून घ्यावं, आणि तेवढ्याच पैशांना.

व्यवहार

दुकानदारांना माल माहीत असतो, हे विसरू नये. भिंग काढलं, छापखान्याची ओळ वाचली, ‘हे पिनकोडवालं आहे’ एवढं शांतपणे म्हटलं की बोलण्याचा सूर बदलतो आणि आतल्या कपाटातला गठ्ठा बाहेर येतो. वाद घालू नये, खोटं ठरवू नये. री-रन म्हणून भाव विचारावा. चांगल्या स्थितीतलं, मूळ चित्रकाराचीच मांडणी असलेलं सत्तरच्या दशकातलं री-रन ही या गल्लीतली सगळ्यात न्याय्य खरेदी आहे. ते खरं ऑफसेट आहे, थिएटरसाठी छापलेलं आहे, आणि पहिल्या छपाईच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडायला हवं. नक्कल घ्यायचीच असेल तर ती नक्कल म्हणून, आजच्या छपाईच्या दरात. डाग पाडलेल्या नकलेला डागांचे जास्त पैसे देणं हा शुद्ध तोटा.

महाग वस्तू घेताना पावतीवर चार गोष्टी लिहून मागाव्यात: चित्रपटाचं नाव, माप, ‘प्रथम प्रदर्शनाची छपाई’ हे शब्द, आणि परत घेण्याची मुदत. ‘जुनं पोस्टर, नग १’ एवढंच लिहायची तयारी असेल तर किंमतही तेवढीच द्यावी. या एका बाबतीत गल्लीची सेवा खरोखर कमी पडते. तोंडी हमी मोठी, लेखी हमी क्वचित.

डोळा तयार करायला आधी पेडर रोडच्या भारतीय चित्रपट राष्ट्रीय संग्रहालयात एक फेरी मारावी. गुलशन महालात आणि शेजारच्या नव्या इमारतीत भारतीय सिनेमाचा इतिहास मांडलेला आहे. कुठल्या दशकात रंग कसे होते, अक्षरं कशी होती, हे तिथून डोक्यात घेऊन गेलं की मटण स्ट्रीटवर नजर चुकत नाही.

शुक्रवारी गल्लीतली दुकानं बंद असतात. त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्माचा बाजार भरतो. तिथे कागद मिळतो, पण अंधुक उजेडात आणि गर्दीत भिंग लावणं जमत नाही, म्हणून तिथे चोपड्यांपलीकडे जाऊ नये. इतर दिवशी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून मौलाना शौकत अली रोडने सरळ चालत जावं, दुपारी, सूर्यप्रकाश असताना. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली चहाचा तपकिरी आणि वयाचा तपकिरी सारखेच दिसतात, तेव्हा पोस्टर दाराशी आणून बघू द्या म्हणावं.

घडी असलेलं पोस्टर गुंडाळून नेऊ नये, गुंडाळताना घडीवरचा कागद फुटतो. दोन पुठ्ठ्यांमध्ये घडीतच न्यावं. घरी पॉलिएस्टरच्या स्वच्छ पाकिटात, आडवं, जमिनीपासून वर ठेवावं. डांबराच्या गोळ्या त्याच कप्प्यात टाकू नयेत. टांगायचं असेल तर काच आणि कागद यांच्यात माउंटची फट ठेवायला सांगावी, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते. आणि पावसाचं पाणी झिरपणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर.